गराजमधल्या स्प्रिंकलरचं नवं अँटीफ्रीझ: नऊ महिन्यांनंतर

मिनेसोटातल्या आमच्या टाउनहाउसला गराजच्या छतातून आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरच्या पाइपाचा एक फाटा गेलाय. घरात साधं पाणी. गराजला हीटर नाही, म्हणून तेवढ्यात अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारं द्रावण. गेल्या सप्टेंबरात जुनं काढून 'लिस्टेड', म्हणजे आगीची चाचणी पास झालेलं, भरून घेतलं.

हौस म्हणून नाही. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्रकी गावात शेगडीवरचं तेल पेटलं, स्प्रिंकलर उघडला आणि ७० टक्क्यांहून जास्त ग्लिसरीन असलेलं मिश्रण आगीवर पडलं. विझायचं राहिलं बाजूला, भडकाच उडाला. एक जीव गेला. पुढे नियम कडक होत गेले आणि एनएफपीए २५ या स्प्रिंकलरच्या देखभालीच्या अमेरिकन नियमावलीने ३० सप्टेंबर २०२२ नंतर जुन्या फाट्यांतही आगीची चाचणी झालेलंच द्रावण लागेल असं ठरवलं. आमच्या सोसायटीला जाग आली ती त्यानंतर बऱ्याच दिवसांनी.

जुनं काढताना वरच्या टोकातून जवळजवळ पाणीच आलं, खालून घट्ट धार. आई पुण्याहून आली होती. थेंब बोटांत चोळून म्हणाली, "अरे, हा तर एकतारी पाक!" बादलीत कसंतरी कालवून ओतलेलं ग्लिसरीन तळाला बसलं होतं. म्हणजे वर गोठायची भीती, खाली पेटायची! नवं कारखान्यातूनच कालवून येतं, थेंबभर पाणीही घालायचं नाही. महाग मात्र सणसणीत.

लेबलवर उणे २३ अंश सेल्सिअसपर्यंत चालेल असं लिहिलंय. जानेवारीत बाहेर पारा त्याच्याही खाली गेला तेव्हा पोटात गोळा आला. पण पाइपाला बांधलेल्या थर्मामीटरवर उणे १२ च होतं. लेकाने दार सताड उघडं टाकून बर्फ उपसला त्या दिवशी उणे १६. त्याने बोलणी खाल्ली.

खरा ताप मे महिन्यात झाला. एरवी ६० पीएसआयच्या आसपास असणारा पाइपातल्या दाबाचा काटा पहिल्याच उकाड्यात १४० वर, आणि एका जोडातून ठिबक सुरू. द्रावण घरच्या पाण्यात उलटं जाऊ नये म्हणून बसवलेल्या बॅकफ्लो व्हॉल्व्हमुळे उकाड्यात फुगलेल्या द्रावणाला मागे जायला वाट नसते, म्हणून ते सामावून घ्यायला हवा भरलेली एक्स्पान्शन टाकी लावतात. भरून देणाऱ्यांनी तिच्यातली हवा बघितलीच नव्हती. फोनवर म्हणे, "उन्हाळ्यात होतंच असं." होत नाही! दुसऱ्याला बोलावलं, हवा भरली, जोड आवळला. काटा ७० वर आला.

द्रावण पुन्हा हेच घेईन, ती माणसं नाही. सप्टेंबरात वरचा-खालचा नमुना रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रावण किती दाट आहे ते दाखवणारं यंत्र) माझ्यासमोर बघायला लावणार आहे. जोडाखाली श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवलाय, तीन आठवडे कोरडा आहे.