डोळ्यांची अ‍ॅलर्जी: कोणते थेंब घ्यावेत?

आधी ही अ‍ॅलर्जीच आहे ना, ते बघा. अ‍ॅलर्जीत खाज हीच मुख्य तक्रार असते. दोन्ही डोळे खाजतात, पातळ पाणी येतं, बरेचदा जोडीला शिंकाही असतात. एका डोळ्यापासून सुरुवात, सकाळी चिकटलेल्या पापण्या आणि पिवळट चिपडं असतील तर डोळे आलेले असण्याची शक्यता जास्त. त्यावर हे थेंब नाहीत.

बहुतेकांसाठी माझी पहिली पसंती ओलोपॅटाडिनला. हे औषध खाज आणणाऱ्या हिस्टामिन या रसायनाला अडवतं आणि ते साठवणाऱ्या मास्ट पेशींमधून नव्याने सुटूही देत नाही, त्यामुळे खाज काही मिनिटांतच उतरायला लागते. ०.१ टक्क्याचे थेंब दिवसातून दोनदा, ०.२ टक्क्याचे एकदाच. केटोटिफेन याच जातकुळीतलं. गुणही येतो, पण घालताना जास्त चुरचुरतं अशी तक्रार असते.

सोडियम क्रोमोग्लायकेट जुनं आणि सौम्य, पण सुरू झालेली खाज ते लगेच थांबवत नाही. पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे जातात, तेही दिवसातून चार वेळा नेमाने घातलं तर. पावसाळा सरता सरता गाजर गवत फुललं की दरवर्षी डोळे सुजतात, असं ज्याला पक्कं ठाऊक आहे त्याने डॉक्टरांना विचारून दोन आठवडे आधीच सुरू करावं. नोकरीच्या धबडग्यात चार वेळा जमणार का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

लाली घालवणारे नाफाझोलिनचे थेंब लग्नाच्या फोटोपुरते ठीक. ते रक्तवाहिन्या आकसवतात, अ‍ॅलर्जीच्या मुळाशी जात नाहीत; रोज घातले तर थांबवल्यावर डोळे आणखी लाल होतात.

खरी भीती स्टेरॉइडची, कारण त्याने झटकन बरं वाटतं. उन्हाळ्यात सतत डोळे चोळणाऱ्या मुलाला डॉक्टर ते काही दिवसांसाठी देतात, मूल शांत होतं, आणि पुढच्या वर्षी आई-वडील जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून तीच बाटली आणतात. या थेंबांनी डोळ्यातला दाब वाढतो तेव्हा बहुधा दुखत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. त्यातून होणाऱ्या काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूचा धोका वेगळाच. तीव्र अ‍ॅलर्जीत स्टेरॉइड लागतं, नाही असं नाही, पण ते दाब तपासत तपासत द्यायचं औषध आहे. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा: डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल ही सगळी स्टेरॉइडच. अँटिबायोटिकसोबत मिसळलेली असतील तर बरेचदा लक्षातही येत नाहीत.

त्रास थोडा असेल तर साधे कृत्रिम अश्रू आणि बंद डोळ्यांवर गार पाण्याची पट्टी करून बघा. परागकण धुतले जातात आणि खिशालाही चाट बसत नाही.

कुठलेही थेंब घ्या, एका वेळी एकच पुरे, दुसरा गालावर ओघळतो. घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढा, कारण थेंबांतलं प्रिझर्वेटिव्ह (औषध टिकवणारं रसायन) मऊ लेन्समध्ये मुरतं. डोळा दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागलं, तर थेंब बदलत बसू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.