रेबीशील्ड : लस काम करू लागेपर्यंतची राखण

कुत्रा चावला की सगळ्यांना रेबीजची लस आठवते. पण जखमेतून रक्त आलं असेल, तर नुसत्या लशीवर भागत नाही. लशीतला मारलेला विषाणू शरीराने ओळखायचा, मग रक्तातल्या बी-पेशींनी पुरेशा अँटीबॉडी (विषाणूला रोखणारी प्रथिनं) तयार करायच्या, याला साधारण 7 ते 14 दिवस लागतात. तेवढ्या अवधीत जखमेतला विषाणू मज्जातंतूत शिरू शकतो, आणि एकदा तो आत गेला की अँटीबॉडीच्या हाती लागत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी तयार अँटीबॉडी जखमेत भरतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं रेबीशील्ड हे त्यासाठीचं औषध.

अमेरिकेतल्या मॅसबायोलॉजिक्स या संस्थेबरोबर विकसित केलेलं हे इंजेक्शन 2017 पासून भारतात मिळतं. यात पेशींमध्ये वाढवलेली एकाच प्रकारची मानवी अँटीबॉडी आहे. ती विषाणूच्या पृष्ठभागावरच्या जी-प्रोटीनला चिकटते, त्यामुळे त्याला पेशीत शिरता येत नाही. घोड्याच्या सिरमइतकी (घोड्याच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी) ॲलर्जीची धास्ती नाही, आणि मानवी इम्युनोग्लोब्युलिनसाठी (माणसाच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी) लागतात तसे रक्तदातेही लागत नाहीत.

डोस वजनाच्या किलोमागे 3.33 आययू (औषधाची ताकद मोजायचं एकक). 60 किलोच्या माणसाला 200 आययू, म्हणजे 40 आययू/मिलीच्या वायलमधून (औषधाच्या छोट्या बाटलीतून) 5 मिली. त्याच माणसाला घोड्याचं सिरम 2400 आययू, म्हणजे नेहमीच्या 300 आययू/मिलीच्या वायलमधून 8 मिली लागतं. बोटावर किंवा नाकावर चावा असेल तेव्हा हा फरक फार मोलाचा ठरतो, कारण तिथे जागाच नसते.

औषध चांगलं आहे. घोटाळा होतो तो देण्यात. सर्वात मोठी चूक म्हणजे अख्खा डोस दंडात किंवा कुल्ल्यावर टोचून रुग्णाला घरी पाठवणं. विषाणू जखमेत, अँटीबॉडी भलतीकडे! आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची, मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावायचं. हळद, तिखट, चुना काहीही लावलेलं असेल तर तेही धुऊन काढायचं. त्यानंतर बारीक सुईने प्रत्येक जखमेच्या कडेने आणि तळाशी औषध सोडायचं. दातांची छोटी खूणसुद्धा वगळायची नाही. बोटात जोर लावून भरू नये, आतला दाब वाढून रक्तपुरवठा अडतो. लहान मुलाला चावे अनेक आणि औषध थोडं असेल, तर सलाईनमध्ये पातळ करून सगळ्या जखमांना पुरवतात. उरलं तर लशीच्या जागेपासून लांबच्या स्नायूत. लस आणि हे औषध एका सिरिंजमध्ये कधीही घेऊ नये. टाके शक्यतो नकोच. घालावेच लागले तर औषध भरल्यानंतर काही तासांनी, आणि सैल.

उणीव एकच, पण खरी: ही अँटीबॉडी विषाणूवरची एकच जागा ओळखते. ती जागा बदललेला विषाणू निसटू शकतो, म्हणून दोन अँटीबॉडी एकत्र असलेलं ट्विनरॅबही बाजारात आलं. आमचं मत असं की चेहरा, मान, हात अशा ठिकाणी खोल चावा असेल, तर यापैकी जे त्या क्षणी हाताशी आहे ते जखमेत जाणं महत्त्वाचं. सरकारी रुग्णालयात घोड्याचं सिरम मिळत असेल, तर रेबीशील्डच्या शोधात दिवस घालवू नका.

विकत घेताना वायल 2 ते 8 अंशांत ठेवलेली आहे का ते पाहा. गोठलेली घेऊ नका. पूर्वी रेबीजच्या लशीचा पूर्ण कोर्स झालेल्याला हे लागत नाही, त्याला 0 आणि 3 या दिवशी लस पुरते. पहिल्या लशीला 7 दिवस उलटून गेले असतील तर हे देत नाहीत, कारण तोवर शरीराच्या स्वतःच्या अँटीबॉडी येऊ लागलेल्या असतात. बाकी सगळ्यांना यासोबत लस हवीच: कातडीत 0.1 मिली दोन ठिकाणी, 0, 3, 7 आणि 28 या दिवशी. किंवा स्नायूत 0, 3, 7, 14 आणि 28 या दिवशी. मोठ्यांना दंडात, लहानग्यांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यावर नाही, तिथल्या चरबीत लस नीट लागू पडत नाही.