मोदक विकताय की भाजणी? व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राममधली निवड त्यावर ठरवा

ठाण्याच्या नौपाड्यात घरून खाद्यपदार्थ विकायला नव्याने सुरुवात केलेल्या मैत्रिणी मला हमखास विचारतात, "ताई, गिऱ्हाईक वाढवायला व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस बरं की इन्स्टाग्राम?" दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही मेटा कंपनीचीच, म्हणून दोन्ही करा असं सांगणं सोपं आहे. पण चूल, घर आणि डिलिव्हरी सांभाळून दोन्हीकडे नीट लक्ष देणं सुरुवातीला एकटीला झेपत नाही. आधी एकच धरा. कुठलं धरायचं ते तुमचा पदार्थ किती टिकतो यावर ठरवा.

उकडीचा मोदक केला त्याच दिवशी, शक्यतो ऊन-ऊन खायचा. त्यामुळे गिऱ्हाईक नौपाडा, पाचपाखाडी, फार तर वर्तकनगरचं. संध्याकाळी घोडबंदर रोडने कासारवडवलीला डबा पाठवला, तर तो पोचेपर्यंत पारी कडक होते. इन्स्टाग्रामवर तुमची रील, म्हणजे छोटा व्हिडिओ, नाशिकच्या हजार जणांना आवडली तरी त्यातून एकही मोदक विकला जात नाही. इथे व्हॉट्सअ‍ॅपच हवं.

त्याच्या कॅटलॉगमध्ये 500 पदार्थ मावतात, आपल्याला दहा पुष्कळ झाले. फोटो, किंमत आणि किती नगांचा डबा, एवढं लिहा. खरा उपयोग लेबलांचा. 'अ‍ॅडव्हान्स आला', 'पत्ता बाकी', 'अंगारकी' अशी लेबलं चॅटला लावली की चतुर्थीच्या आदल्या रात्री वही चाळावी लागत नाही.

ब्रॉडकास्टची, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवण्याची, गोष्ट मात्र नीट समजून घ्या. एका यादीत 256 जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. हे ठाऊक नव्हतं तोवर वर्षभर मला वाटायचं की लोकांना पुन्हा नको असेल. प्रत्यक्षात अनेकांना माझा निरोप दिसतच नव्हता. आता प्रत्येक डब्यात चिठ्ठी असते: 'हा नंबर सेव्ह करा, संकष्टीच्या दोन दिवस आधी कळवते.' परतून येणारी गिऱ्हाइकं या चिठ्ठीने जितकी दिली, तितकी दुसऱ्या कशानेच दिली नाहीत. गिऱ्हाइकांचा ग्रुप करू नका, त्यात प्रत्येकीचा नंबर अनोळखी लोकांना दिसतो. न विचारता कुणाला यादीतही घालू नका. लोकांनी तक्रार केली तर नंबर बंद होऊ शकतो, म्हणून धंद्यासाठी वेगळं सिम घ्याच. व्हॉट्सअ‍ॅपची उणीव एकच, पण मोठी: ज्याला तुमचं नाव माहीत नाही त्याला तुम्ही तिथे सापडत नाही.

भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुरडया यांचं गणित उलटं. हे कुरियरने कुठेही जातं, म्हणून नाशिकचा माणूस इथे खरंच गिऱ्हाईक असतो. टिकटॉकवर बंदी आल्यावर जुलै 2020 मध्ये रील्स भारतात आल्या, आणि फॉलोअर नसलेल्या खात्याची रीलही अनोळखी लोकांपुढे जाऊ लागली. भाजणीसाठी इन्स्टाग्राम आधी धरा. मेहनत मात्र धरून चाला: अर्ध्या मिनिटाच्या रीलला चांगला उजेड, पुसलेला ओटा आणि व्हिडिओची कापाकापी मिळून अर्धा दिवस जातो. बिझनेस खात्यावर बरीचशी लोकप्रिय गाणी वापरता येत नाहीत. न का येईनात, कढईत डाळ भाजल्याचा आवाज त्याहून बरा.

किंमत लिहा. 'भावासाठी डीएम (खासगी मेसेज) करा' हे मला अजिबात पटत नाही; ज्याला पाव किलो मेतकूट हवंय तो विचारत बसत नाही, पुढे जातो. बायोमध्ये, म्हणजे खात्यावरच्या तुमच्या ओळखीत, व्हॉट्सअ‍ॅपची लिंक द्या आणि ऑर्डर तिथेच घ्या, कारण कमेंटमधली ऑर्डर हरवते. महिन्यातून एकदा इनसाइट्समध्ये, म्हणजे खात्याच्या आकडेवारीत, बघणारे कुठल्या शहरातले आहेत ते तपासा. पैसे देऊन जाहिरात करायची तर घराभोवतीचा परिसर निवडता येतो. मोदकवालीने ती गणपतीच्या आधीच्या आठवड्यात करावी, तीही हातात जास्तीची माणसं असतील तरच.

फेसबुकवर सोसायट्यांच्या आणि परिसराच्या ग्रुपमध्ये विचारून एखादी पोस्ट टाका, तेवढं पुरे. गूगलवर व्यवसायाची नोंद मात्र कुठलाही पदार्थ असो, कराच. 'ठाण्यात पुरणपोळी' असं शोधणारा माणूस नकाशावर बघतो. घरचा पत्ता लपवून फक्त डिलिव्हरीचा भाग दाखवता येतो, एकट्या बाईसाठी हे महत्त्वाचं आहे.

मोदक आणि भाजणी दोन्ही करत असाल तर आधी शंभर जणांकडे तुमचा नंबर सेव्ह होऊ द्या. मग श्रावणात भाजणीची पहिली रील टाका. दिवाळीआधी पार्सल पोचायला आणि लोकांना घरी चकल्या तळायला तेवढा वेळ लागतो.