बाहुली, खेळणं की शोभेची वस्तू: कोड कोणता धरायचा?

पहिल्यांदा खेळणी आयात करणारा माणूस बहुतेक वेळा चुकीच्या प्रश्नाने सुरुवात करतो: ‘कमी ड्युटीचा कस्टम्स कोड कोणता?’ खरं तर आधी वस्तू हातात घ्यावी, मग हेडिंगची, म्हणजे कोडच्या पहिल्या चार अंकांच्या वर्गाची, भाषा वाचावी आणि दराकडे सगळ्यात शेवटी वळावं. क्रम उलटा केला की कोड आधी ठरतो आणि वस्तूचं वर्णन त्याला जुळवून लिहिलं जातं. असेसमेंटला, म्हणजे ड्युटी ठरवायला, बसलेल्या कस्टम्स अधिकाऱ्याने असली वर्णनं ढिगाने वाचलेली असतात.

‘बाहुली की खेळणं’ हा सगळ्यात प्रसिद्ध वाद आता बराचसा निकाली निघाला आहे. एचएस प्रणालीत, म्हणजे जगभरच्या कस्टम्सच्या सामाईक माल-वर्गीकरणात, २००७ पर्यंत माणसाचं रूप असलेल्या बाहुल्यांना ९५०२ हे वेगळं हेडिंग होतं. प्राणी, राक्षस, यंत्रमानव असल्या सगळ्या मंडळींची सोय ९५०३ मध्ये होती. अमेरिकेत तेव्हा बाहुलीवर १२ टक्के आणि खेळण्यावर ६.८ टक्के ड्युटी लागे. त्यामुळे टॉय बिझ या कंपनीने आपल्या एक्स-मेनच्या, म्हणजे कॉमिक्समधल्या अद्भुत शक्तीच्या ‘म्युटंट’ नायकांच्या, मूर्ती माणसांच्या नाहीतच, असा दावा कोर्टात लावला. न्यायाधीश ज्युडिथ बार्झिले यांनी २००३ मध्ये तो मान्य केला. म्युटंट हीसुद्धा माणसंच, हे वर्षानुवर्षं सांगत आलेल्या कथेची मालकी ज्या मार्व्हलकडे, त्यांच्याच गोटातून कोर्टात नेमकं उलटं सांगितलं गेलं!

२००७ च्या सुधारणेत ९५०१ आणि ९५०२ दोन्ही गेली. आता चाकांची खेळणी, बाहुल्या, इतर खेळणी, छोटी मॉडेल्स आणि सगळ्या प्रकारची कोडी ९५०३ मध्येच येतात आणि सहा अंकांपर्यंत सगळ्यांचा कोड ९५०३०० असतो. सहा अंकांच्या पुढे प्रत्येक देश आपापली फोड करतो. तेव्हा माल जिथे उतरणार तिथलं दरपत्रक उघडा. बाहुली आणि इतर खेळणी यांच्या ओळी वेगळ्या असतील तर योग्य ओळ निवडा, पण दोन्हींचा दर एकच असेल तर त्यावर वाद घालत बसू नका.

डोकं चालवावं लागतं ते ९५०३ च्या कुंपणावर, आणि सगळ्यात निसरडी जागा म्हणजे बाहुली आणि पुतळा यांच्यामधली. पुतळा शोभेची वस्तू ठरला की त्याचा कोड कशापासून बनवलाय त्यावर जातो: प्लॅस्टिकचा असेल तर ३९२६, लाकडाचा ४४२०, चिनी मातीचा ६९१३, पितळेसारख्या साध्या धातूचा ८३०६. बाहुलीचं तसं नाही. ती मेणाची असो, कापडाची असो वा चिनी मातीची, राहते ९५०३ मध्येच. ‘ही कपाटात ठेवायची आहे, मुलं हिच्याशी खेळणार नाहीत, म्हणजे शोभेची वस्तू’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही, कारण सजावटीसाठी केलेल्या बाहुल्याही बाहुल्यांतच धराव्यात असं एचएसच्या अधिकृत स्पष्टीकरणात म्हटलं आहे. चिनी मातीचं डोकं, कापडी धड आणि झालरीचा झगा असलेली महागडी बाहुली कुणी आयुष्यभर काचेआड ठेवली तरी ती बाहुलीच.

मग पुतळा कधी म्हणायचा? माझा अंदाज घेण्याचा मार्ग असा: हातपाय किंवा मान हलते का, कपडे काढता-घालता येतात का, की आकृती एकाच पवित्र्यात बैठकीला चिकटवली आहे? पहिल्या दोन्हींना ‘हो’ आलं तर ९५०३ धरायला मी कचरणार नाही. बैठकीला घट्ट बसवलेली, संग्राहकांसाठीची जड मूर्ती मात्र पुतळ्याकडे झुकते. मधल्या वस्तूंचा निर्णय खरोखरच अवघड असतो. न हलणारे छोटे प्लॅस्टिकचे हत्ती-घोडे मुलांच्या खेळण्यासाठीच विकले जातात, म्हणून केवळ सांधे नाहीत एवढ्यावर त्यांना ३९२६ मध्ये ढकलू नका. खोक्यावरचा वयोगट पुराव्यात धरला जातो, पण तेवढ्याने निकाल लागत नाही. सप्लायरने इन्व्हॉइसवर ‘टॉय’ लिहिलंय याला तर त्याहूनही कमी किंमत.

सुट्या भागांची तऱ्हा मजेशीर आहे. बाहुलीचा झगा, बूट, टोप, डोळ्यांची यंत्रणा, सगळं बाहुलीबरोबर ९५०३ मध्ये जातं. पण न बसवलेले नुसते काचेचे डोळे वेगळे आले तर ते ७०१८. आणि तसाच झगा लहान मुलीच्या मापाचा शिवून आणला तर तो फॅन्सी ड्रेस असला तरी कापडी कपडाच, ६१ किंवा ६२ व्या चॅप्टरचा (चॅप्टर म्हणजे कोडचे पहिले दोन अंक).

चाकांच्या बाबतीत नियम स्वच्छ आहे. मुलांच्या दुचाकी सायकली, कितीही छोट्या आणि रंगीबेरंगी असल्या तरी, ८७१२ मध्ये. मुलांच्या बाकीच्या सायकली, म्हणजे तीनचाकी वगैरे, ९५०३ मध्ये. हे ८७ व्या चॅप्टरच्या टीप ४ मध्येच लिहिलेलं आहे, त्यामुळे कीस काढायला जागा उरत नाही.

उडणाऱ्या वस्तूंचं तसं नाही. २०२२ पासून ड्रोनसाठी ८८०६ हे नवं हेडिंग आलं. केवळ करमणुकीसाठी बनवलेली उडती खेळणी त्यातून वगळून ९५०३ कडे दिली आहेत. पण कायमचा बसवलेला डिजिटल कॅमेरा असेल आणि त्याने उडताना काही उपयोगाचं काम होत असेल, तर ‘केवळ करमणूक’ म्हणणं जड जातं. खोक्यावर मुलाचं चित्र छापलं म्हणून ड्रोन खेळणं होत नाही.

पत्त्यांचे जोड आणि पटावरचे खेळ ९५०४, जिगसॉ ९५०३, रंगवायची पुस्तकं ४९०३, नाताळच्या सजावटीच्या वस्तू ९५०५. कुत्र्या-मांजरांसाठीच बनवलेली खेळणी ९५०३ मध्ये येतच नाहीत, ती आपापल्या हेडिंगमध्ये जातात.

राहिली एकत्र खोकी: बाहुली, सोबत कंगवा, स्टिकर, एखादं छोटं पुस्तक. ९५ व्या चॅप्टरच्या टीप ४ नुसार किरकोळ विक्रीसाठी एकत्र बांधलेल्या अशा खोक्याचं मूळ स्वरूप खेळण्याचं असेल तर सगळं ९५०३. उलट, बाहुली फक्त आमिष असेल आणि माल म्हणजे मुख्यतः चॉकलेट किंवा शांपू, तर हा आधार घेता येत नाही.

आणि कापडी अस्वलाच्या पाठीला चेन असेल तर? चेनमागे जेमतेम रुमाल मावेल एवढा कप्पा असेल तर मी अस्वल म्हणेन. खांद्यावर अडकवायचे पट्टे, आत अस्तर आणि डबा मावेल एवढी जागा असेल तर ४२०२ ची पिशवी म्हणेन. याच्या मधलं काही हाती आलं, तर माल बोटीत चढण्याआधी नमुना, फोटो आणि मापं जोडून अ‍ॅडव्हान्स रूलिंग, म्हणजे कोडबद्दलचा आगाऊ अधिकृत निर्णय, मागा. बंदरात कंटेनर अडकल्यावर विचारायचा हा प्रश्न नव्हे.