ताशी सोळा किलोमीटरची पेरणी: हाय-स्पीड प्लांटर निवडताना आणि जुळवताना

मध्य इलिनॉयमध्ये मक्याची पेरणी साधारणपणे एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत उरकावी लागते, आणि त्या महिन्यातलेही बरेच दिवस पावसात, वाफसा येण्याची वाट पाहण्यात किंवा माती दहा अंश सेल्सिअसपर्यंत तापण्याची वाट पाहण्यात जातात. ओळींमध्ये तीस इंच अंतर असलेला, बारा ओळींचा प्लांटर ताशी आठ किलोमीटर वेगाने चालला तर वळणे आणि बियाणे भरण्याचा वेळ न धरता तासाला सुमारे १८ एकर पेरतो. तोच ताशी सोळाने चालला तर ३६ एकर. हाय-स्पीड प्लांटरची सगळी जाहिरात या एका हिशेबावर उभी आहे. मी ज्या शेतावरच्या पेरणीचे काम पाहतो, तिथे बारा ओळींच्या जुन्या सांगाड्यावर प्रिसिजन प्लांटिंग कंपनीची पूर्ण यंत्रणा बसवलेली आहे: दाणे मोजणारे व्हीसेट मीटर, ते फिरवणारी व्हीड्राइव्ह ही विजेची मोटार, दाणा जमिनीपर्यंत पोचवणारी स्पीडट्यूब आणि ओळीवर दाब देणारे डेल्टाफोर्स. हे परीक्षण मुख्यतः तिचे आहे. माझे मत आधीच सांगतो: यंत्रणा उत्तम आहे, परंतु तिच्यावर खर्च केलेल्या पैशाचे सर्वाधिक चीज दाब देणाऱ्या भागात झाले. वेग हा त्यातून मिळालेला लाभ आहे.

साध्या प्लांटरमध्ये दाणा मीटरमधून सुटतो आणि वाकड्या नळीतून स्वतःच्या वजनाने खाली पडतो. आपल्या पाभरीच्या चाड्यातून नळ्यात उतरणाऱ्या बियाण्यासारखेच हे आहे, फरक इतकाच की इथे दाणे मोजून एकेक येतात. एकरी ३४,००० दाणे पेरायचे असतील तर तीस इंची ओळीत दोन दाण्यांमधले अंतर सुमारे साडेपंधरा सेंटीमीटर येते. ताशी आठ किलोमीटरला प्रत्येक ओळीत सेकंदाला चौदाच्या आसपास दाणे पडतात, तर सोळाला अठ्ठावीसच्या पुढे. इतक्या वेगात ओळीचे युनिट, म्हणजे त्या ओळीत पेरणारा संच, ढेकळावरून किंवा धसकटावरून उडाले की दाणा नळीच्या भिंतीवर आपटतो आणि त्याचा पडण्याचा क्षण बदलतो. शिवाय खाली पोचलेला दाणा प्लांटरच्याच वेगाने पुढे जात असल्याने काकरीत घरंगळतो. मीटरने बिनचूक मोजलेले दाणे नळीत विस्कटतात ते असे.

या अडचणीवर बाजारात तीन प्रकारचे उपाय आहेत. स्पीडट्यूबमध्ये दोन फिरती चाके मीटरच्या तोंडाशी दाणा पकडून कप्पे असलेल्या पट्ट्यात ठेवतात आणि तो पट्टा दाण्याला थेट काकरीच्या तळापर्यंत नेऊन मागच्या दिशेने सोडतो. जॉन डीअरने २०१४ मध्ये आणलेल्या एक्झॅक्टइमर्जमध्ये हेच काम केसाळ ब्रशचा पट्टा करतो. दोन्हींमध्ये पट्ट्याचा वेग ट्रॅक्टरच्या वेगाशी बांधलेला असतो, त्यामुळे दाणा मागे फेकला जाण्याचा वेग आणि प्लांटरचा पुढे जाण्याचा वेग एकमेकांना रद्द करतात आणि दाणा जमिनीच्या दृष्टीने जवळपास स्थिर होऊन काकरीत बसतो. स्वीडनच्या व्हेडरस्टाड कंपनीच्या टेम्पोची रीत वेगळी आहे: तिथे हवेच्या दाबाने दाणा नळीतून झाडला जातो आणि काकरीतले एक छोटे रबरी चाक त्याला जागेवर अडवते. तत्त्व म्हणून मला तिन्ही पटतात आणि त्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. त्यांतले कोणते घ्यावे हे आपल्याकडचा सांगाडा कोणता आहे आणि सुटे भाग घेऊन येणारा तंत्रज्ञ किती दूर राहतो, यावर ठरवावे.

सांगाडा मजबूत असेल तर नवा प्लांटर घेण्याची घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. प्रिसिजन प्लांटिंग ही इलिनॉयमधल्याच ट्रेमाँट गावची कंपनी, २०१७ पासून ॲग्को या शेतीयंत्रे बनवणाऱ्या समूहात आहे. तिचा मूळ धंदाच मुळी इतरांच्या प्लांटरवर सुधारित भाग बसवण्याचा असल्याने तिची यंत्रणा टप्प्याटप्प्याने घेता येते. एका हंगामात मीटर, पुढच्या हंगामात दाब, नंतर पट्टा, असा क्रम जमतो. मात्र युनिट सांगाड्याला जोडणाऱ्या समांतर भुजांचे बूश झिजलेले असतील आणि हाताने हलवल्यावर युनिट आडवे डुलत असेल, तर त्यावर महाग पट्टा बसवणे व्यर्थ आहे. आधी बूश बदलावेत.

आता जुळवणीकडे वळतो, कारण यंत्र विकत घेण्यापेक्षा ते जुळवण्यात अधिक डोके लागते. सुरुवात काकरी पाडणाऱ्या दुहेरी तबकड्यांपासून करावी. नवी तबकडी पंधरा इंच व्यासाची असते. ती साडेचौदापर्यंत झिजली की बदलावी. दोन तबकड्या पुढच्या बाजूला जिथे एकमेकींना टेकतात, तिथे वरून आणि खालून जाड कागदाचा एकेक तुकडा सरकवून मधले अंतर मोजावे. ते साधारण दोन इंच भरले पाहिजे. कागद आरपार गेला तर तबकड्या टेकतच नाहीत, आणि काकरीचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा न राहता मधे उंचवटा असलेला होतो. त्या उंचवट्यावर एक दाणा वर राहतो, शेजारचा खाली जातो, आणि उगवण मागेपुढे होते. टूलबार, म्हणजे युनिटे जिला जोडलेली असतात ती आडवी तुळई, पेरणीच्या स्थितीत जमिनीला समांतर आहे ना, हे शेडमध्ये नव्हे तर रानात, बियाणे भरलेले असताना, खाली उतरून पाहावे.

सर्वांत जास्त वेळ दाबाला द्यावा. खोली ठरवणारी चाके जमिनीला सतत टेकलेली असतील तरच ठरवलेली खोली मिळते. दाब कमी पडला तर युनिट उचलले जाते आणि दाणा वर राहतो. जास्त झाला तर काकरीच्या कडा विटेसारख्या आवळल्या जातात आणि मुळे आडवी न पसरता काकरीच्या दिशेनेच चपटी वाढतात. स्प्रिंगचा दाब एकदा लावला की दिवसभर तोच राहतो. हवेच्या पिशव्यांचा बदलता येतो, पण सावकाश. डेल्टाफोर्ससारखी हायड्रॉलिक यंत्रणा प्रत्येक ओळीवरचा भार स्वतंत्रपणे मोजते आणि त्या ओळीपुरता दाब लगेच वाढवते किंवा कमी करते. आमच्या शेतात रानाच्या एकाच तुकड्यात ड्रमर नावाच्या मृदा-मालिकेची काळी, चिकण पोयटा माती आणि चढावरची हलकी, फिकट माती लागोपाठ येते, आणि ट्रॅक्टरच्या चाकामागच्या दोन ओळी तर नेहमीच अधिक कठीण रानात चालतात. बाराही ओळींना एकच दाब देणे म्हणजे त्यांतल्या काही ओळींवर अन्याय करणेच आहे.

मॉनिटरवर जमिनीशी संपर्क शंभर टक्के दिसला म्हणून समाधान मानू नये, कारण दाब वाजवीपेक्षा जास्त असला तरीही तोच आकडा दिसतो. प्लांटर थांबवून, मागे जाऊन, काकरी बुजवणारी चाके वर बांधून थोडे अंतर पेरावे आणि उघडी काकरी पाहावी. बोटाने कड दाबल्यावर माती सहज ढासळली तर दाब बरोबर आहे. बोटाच्या नखाची खूण उमटून कड तशीच चकचकीत उभी राहिली तर दाब कमी करावा, किंवा वाफसा अजून आलेला नाही हे मान्य करून ट्रॅक्टर परत न्यावा. मक्यासाठी मी पाच सेंटीमीटर खोली धरतो आणि चारपेक्षा उथळ कधीही होऊ देत नाही, कारण कायमची मुळे जमिनीखाली सुमारे दोन सेंटीमीटरवर फुटतात आणि त्यांना ओल्या मातीचे छत्र लागते. वेग वाढवला की याच जागी पुन्हा उकरून पाहावे. ताशी आठला पाच सेंटीमीटर देणारी जुळवणी ताशी पंधराला चार देऊ शकते, आणि दाण्यांमधले अंतर दाखवणाऱ्या आकड्यात ही गोष्ट दिसत नाही.

पुढची काडीकचरा सारणारी दातेरी चाके फक्त कचरा बाजूला करतील आणि माती उकरणार नाहीत इतपत खाली असावीत. काकरी बुजवणाऱ्या चाकांबाबत एकच सांगतो: ओलसर चिकण रानात एका बाजूचे रबरी चाक काढून दातेरी लावल्याने काकरी नीट मिटते, भुसभुशीत रानात दोन्ही रबरीच बरी.

मीटरचे काम त्या मानाने सोपे आहे. व्हीसेटमध्ये चकतीच्या भोकांवर हवेच्या ओढीने दाणे चिकटतात, आणि जादा दाणा काढणारा भाग चकतीवर तरंगता असल्याने त्याची वारंवार फेरजुळवणी लागत नाही. तरीही हंगामाआधी प्रत्येक मीटर चाचणी-स्टँडवर आपल्याच बियाण्याने फिरवून घ्यावा. शंखजिरे आणि ग्रॅफाइटची भुकटी बियाण्यात वरवर न टाकता नीट कालवावी, विशेषतः बियाण्यावर चिकट औषधाचा लेप असेल आणि हवा दमट असेल तेव्हा. पेटीच्या तोंडाशी भुकटी आणि तळाशी कोरडे बियाणे अशी स्थिती असेल तर पेटी अर्धी रिकामी झाल्यावर दोन-दोन दाणे पडू लागतात.

जुळवणीचा खरा निकाल उगवणीत मिळतो. तीस इंची ओळीत सतरा फूट पाच इंच लांबी म्हणजे एकराचा हजारावा भाग. एवढ्या लांबीत पहिल्या दिवशी उगवलेल्या रोपांना एका रंगाची झेंडी, दुसऱ्या दिवशीच्या रोपांना दुसऱ्या रंगाची, अशा खुणा कराव्यात. पर्ड्यू विद्यापीठातील बॉब नीलसन यांच्या प्रयोगांत रोपांमधल्या अंतराचे प्रमाण विचलन, म्हणजे अंतरातल्या कमीजास्तपणाचे माप, एक इंचाने वाढले की एकरी सुमारे अडीच बुशेल (धान्याचे अमेरिकी माप) उत्पादन घटल्याचे आढळले होते. हे नुकसान खरे आहे. परंतु शेजाऱ्यापेक्षा दोन पाने मागे राहिलेले रोप पुढे कणीस धरत नाही किंवा पोचट धरते आणि तोवर खत-पाणी मात्र खात राहते, ते माझ्या दृष्टीने अधिक मोठे नुकसान आहे. आमच्याकडे ताशी साडेबारा-तेरा किलोमीटरपर्यंत झेंड्यांचे रंग एकसारखे राहिले. सोळाला अंतर टिकले, पण नांगरट न केलेल्या सोयाबीनच्या रानात उशिरा उगवलेल्या रोपांच्या झेंड्या स्पष्टपणे वाढल्या. म्हणून खडबडीत रानात आम्ही तेराच्या पुढे जात नाही.

विजेच्या मोटारींमुळे वळणावर आतल्या आणि बाहेरच्या ओळींचा दर वेगवेगळा राखला जातो, आणि तिरक्या बांधाशी आधीच पेरलेल्या जागेवर ओळी एकेक करून आपोआप बंद होतात. ही सोय मला पट्ट्याइतकीच मोलाची वाटते. दुसरीकडे, या यंत्रणेला वेगळा अल्टरनेटर लागतो, हायड्रॉलिक तेलाचा पुरवठा जास्त लागतो, आणि वेगाबरोबर ट्रॅक्टरची ताकदही वाढवावी लागते. धूळ आणि भुकटीने सेन्सर माखतात, ते रोज पुसावे लागतात. पट्टे झिजतात, तेव्हा दोन-तीन जादा पट्टे शेडमध्ये हवेतच. ऐन पेरणीत एका विक्रेत्याचा माणूस वायरिंगच्या किरकोळ बिघाडासाठीही वेळेवर आला नाही. तेव्हापासून सौदा करताना हंगामातल्या सेवेची हमी लेखी घेण्याचा सल्ला मी प्रत्येकाला देतो.

महाराष्ट्रात मका-सोयाबीनसाठी वापरले जाणारे न्यूमॅटिक (हवेच्या ओढीने दाणे उचलणारे) प्लांटर बहुधा जमिनीवरच्या चाकाने चालतात, आणि तुकड्यांच्या शेतीत ताशी सोळाचा विचार करण्याचे कारणच नाही. मात्र तबकड्यांची झीज, काकरीच्या कडा आणि उकरून पाहिलेली खोली या तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही, आणि दुबार पेरणीची टांगती तलवार असलेल्या काळ्या रानात त्यांची गरज इथल्यापेक्षा कमी नाही.

दोनशे-तीनशे एकर पेरणाऱ्याने स्पीडट्यूब किंवा एक्झॅक्टइमर्ज घेऊ नये. चांगले मीटर आणि हायड्रॉलिक दाब घेऊन ताशी आठने पेरले तरी त्याचे काम वेळेत होते. हजार-दीड हजार एकरांवर एकच प्लांटर आणि एकच चालक असेल, तर पट्ट्याचा खर्च जरूर करावा, मात्र दाबाची यंत्रणा आधी बसवून आणि एक हंगाम तिच्यावर काढून.