मायक्रोस्कोप घेतलाय, दारातल्या तेरड्यावर वसूल झाला

पोरीच्या बारावीच्या बायोलॉजीसाठी महाद्वार रोडवरच्या एका दुकानातनं साधा मायक्रोस्कोप घेतला, खरं सांगतो लै भारी वस्तू निघाली. तेरड्याचे परागकण १० टक्के साखरेच्या पाण्यात किंचित बोरिक ॲसिड टाकून काचपट्टीवर ठेवले, तर थोड्याच वेळात एकेका कणातनं बारीक शेवईसारखी नळी बाहेर यायला लागली, आत दाणेदार रस वाहताना दिसतोय, पोरगी जेवायलाबी उठेना!

ह्याच परागनलिकेतनं फुलझाडाच्या दोन शुक्रपेशी आत जातात, त्यांना स्वतःला पोहता येत नाही, बीजांडातल्या (फुलातल्या ज्या भागाचं पुढं बी होतं त्यातल्या) सहायक पेशी रसायन सोडून नळीला वाट दाखवतात, मग एक अंडपेशीला मिळते नि दुसरी मधल्या पेशीला, त्यातनंच दाण्यातलं अन्न तयार होतं. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ नवाशिननं हे १८९८ ला दाखवलं. मक्यात तर नळी कणसाच्या अख्ख्या केसातनं खाली उतरते बघा. पन्हाळ्याच्या तटावरच्या मॉसचं वेगळं, त्याच्या शुक्रपेशी पावसाच्या पाण्यात पोहत जातात.

तक्रार एकच, ४० एक्सच्या (४० पट मोठं दाखवणाऱ्या) भिंगाला फोकस सैल पडतो, सारखं हातानं धरून बसावं लागतं, दुकानदार बदलून देतो म्हणाला त्याला आठवडा झाला. १० एक्सवर मात्र नळी स्वच्छ दिसते.