बुंदीच्या पोटासाठी शेवटी जिथे थांबलो तो दवाखाना

ज्यांच्या कुत्र्याला महिनोनमहिने पातळ शी होऊन राहिली आहे, गोळ्या घेतल्या की चार दिवस बरं अन् पाचव्या दिवशी परत तेच, त्यांच्यासाठी मुद्दाम वेळ काढून लिहून राहिले. नुसती लस द्यायची असेल तर घराजवळचा कुठलाही दवाखाना चालतो, आम्ही नागपुरात मनीषनगरहून धरमपेठेत त्यासाठी येत नाही. पण पोटाचं जुनं दुखणं असेल तर इथे या.

आमची बुंदी चार वर्षांची, अर्धी लॅब अर्धी गावठी. दिवाळीनंतर सुरू झालं. आधी वाटलं फराळाचं काही खाल्लं असेल, होईल बरी. मग रात्री दोन-दोन वाजता दाराशी उभी राहून कुंईकुंई करायची, पोटात इतकं गुडगुड वाजायचं की शेजारच्या खोलीत ऐकू यायचं, सकाळी अधाशासारखं गवत खायची. २२ किलोची पोर मार्चपर्यंत १७ वर आली, पाठीचा कणा हाताला लागायला लागला. त्या साडेचार महिन्यांत आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी दाखवत होतो, तिथे दर वेळी तेच, सलाईन, एक इंजेक्शन, मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणि दही-भात खाऊ घाला. सहा वेळा तो कोर्स झाला. मी कुणाचं नाव घेत नाही, त्यांनी त्यांच्या परीने केलंच, पण हे परत परत का होऊन राहिलं हा प्रश्न कोणी विचारला नाही आणि मलाही तो आधी विचारायचं सुचलं नाही याचं आजही वाईट वाटतं.

इथल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्या दिवशी पाऊण तास नुसते प्रश्न विचारले. शी दिवसातून किती वेळा, प्रत्येक वेळी भरपूर की थोडी थोडी, जोर लावावा लागतो का, आव पडते का, रक्त दिसलं तर लाल की डांबरासारखं काळं. भरपूर शी आणि वजन उतरणं म्हणजे दुखणं बहुतेक लहान आतड्यात, थोडी थोडी वारंवार आणि आव म्हणजे मोठ्या आतड्यात, असं कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं. बुंदीचं दोन्हीकडचं थोडं थोडं होतं. मग पाणी कुठलं पिते विचारलं. मी म्हटलं घरचंच, फिल्टरचं. त्या म्हणे, "ताई, कूलरच्या टाकीतलं पीत नाही नं?" आणि मला आठवलं की बाल्कनीतल्या कूलरच्या टाकीला ती रोज तोंड लावते.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा निघाला. आधी दिलेलं इंजेक्शन कोणतं होतं? मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं की ते स्टेरॉइड असेल तर कॉर्टिसॉल या शरीरातल्या हार्मोनची तपासणी चुकीची येऊ शकते, आणि ती तपासणी हवीच होती, कारण ॲडिसन नावाच्या आजारात (त्यात हेच हार्मोन कमी पडतं) काही कुत्र्यांना नुसता पोटाचाच त्रास दिसतो, दुसरं काही दिसतच नाही. आम्ही आधीच्या ठिकाणी फोन करून नाव विचारलं, स्टेरॉइडच होतं, तेव्हा त्यांनी ती तपासणी काही आठवडे पुढे ढकलली. रक्त तर काढतोच आहोत, होऊन जाऊ द्या, असं नाही केलं.

तपासण्यांचा क्रम पण नीट होता. सगळ्यात आधी शी, तीन वेगवेगळ्या दिवशीची, कारण जियार्डिया, म्हणजे घाण पाण्यातून पोटात जाणारा सूक्ष्म जंतू, एकाच नमुन्यात सापडेलच असं नाही. सोबत पाच दिवस जंताचं औषध. मग रक्त, त्यात अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) आणि बी-ट्वेल्व, गोचिडाचा ताप म्हणून एर्लिकियाची टेस्ट, आणि स्वादुपिंड पाचकरस नीट बनवतं का ते पाहायची टीएलआय टेस्ट, जी उपाशीपोटी करावी लागते. मग सोनोग्राफी. दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढायची गोष्ट निघाली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, पण मॅडम म्हणाल्या अल्ब्युमिन खूप खाली असतं तर थांबलो नसतो, हिचं नॉर्मलमध्ये आहे, तर आधी जेवण बदलून पाहू, असे निम्म्याहून जास्त कुत्रे नुसत्या जेवणाने सुधारतात. बी-ट्वेल्व मात्र कमी निघालं. त्यासाठी आठवड्याला एक असं सहा आठवडे इंजेक्शन, मग महिन्याने एक, मग परत तपासणी. ते कमी असलं तर बाकी उपचार लागू पडायला पण वेळ लागतो म्हणे.

जेवण म्हणजे हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं पाकीट. त्यातलं प्रोटीन इतकं बारीक तोडलेलं असतं की शरीर त्याला ओळखून भडकत नाही. महाग आहे हे आधीच सांगते, दोन किलोची पिशवी तीन हजारांच्या घरात आणि बुंदीला ती आठ-नऊ दिवस पुरायची. पण खरी अडचण पैशाची नव्हती, घरातल्या माणसांची होती. दोन आठवडे त्या पाकिटाशिवाय आणि पाण्याशिवाय काही म्हणजे काही नाही. पोळीचा तुकडा नाही, चहातलं बिस्कीट नाही, गोळी लपवायला पनीर नाही. गोचिडाची चघळायची गोळी पण नाही, कारण तिला मांसाची चव असते, तिच्याऐवजी मानेवर लावायचे थेंब दिले. सासूबाईंना हे ऐकून रडू आलं, इतकी वाळली आहे पोर आणि तुम्ही तिला तूप-पोळी बंद करता. दुसऱ्या भेटीला मॅडमनी मुद्दाम त्यांनाच बोलावलं, त्यांचा हात धरून बुंदीच्या बरगड्यांवरून फिरवला, मग कपाळाच्या बाजूचा खळगा दाखवला, तिथलं मांस गेलं होतं. आणि म्हणाल्या, "आई, तुम्ही घातलेलं तिच्या अंगी लागूनच नाही राहिलं. दोन आठवडे मला द्या." त्यानंतर घरी सासूबाईंनीच पहारा दिला.

आणि एक साधी शंभरपानी वही दिली. रोज तारीख, शीला १ ते ७ आकडा, १ म्हणजे गोटीसारखी कडक, २ चांगली, ७ म्हणजे पाणी. उलटी, भूक, गवत खाल्लं का, आणि दर रविवारी वजन. मला आधी हे शाळेच्या गृहपाठासारखं वाटलं होतं, पण शेवटी बुंदीचं दुखणं त्या वहीतच सापडलं.

नवव्या दिवशी पहिल्यांदा घट्ट शी झाली, मी त्या दिवशी फोटो काढून नवऱ्याला ऑफिसमध्ये पाठवला. बाराव्या दिवशी परत ६. मी पार खचले. वही घेऊन गेले तर मॅडमनी बोट ठेवलं, "हा वार बघा." सोमवार. आधीच्या आठवड्यात पण सोमवारी ५, मंगळवारी ५, मग उतरत गेलेलं. रविवारी काय होतं तुमच्याकडे? आमच्याकडे काहीच नाही. पण रविवारी संध्याकाळी खाली सोसायटीचे वॉचमन भाऊ जेवायला बसतात, रविवार म्हणजे कोंबडी, आणि बुंदी त्यांची लाडकी. मी विचारलं तर ते एकदम घाबरून म्हणाले, "मॅडम, दोनच हड्ड्या टाकतो जी, खूप वाळून गेली नं ती, म्हणून." त्यांच्यावर कसं चिडणार, त्यांना ती आमच्याइतकीच प्रिय. नीट समजावलं तर तेव्हापासून तेच सगळ्यांना सांगतात, बुंदीले काही देऊ नका, डॉक्टरनं मना केलं. शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे पडतात, ती तशीही कुठल्याच कुत्र्याला देऊ नयेत, हे मलाही तेव्हाच कळलं.

आता इथे मॅडमनी घाईने निष्कर्ष काढला नाही हे मला फार आवडलं, कारण पोट हाडांनी पण बिघडलं असेल. दोन आठवड्यांचे पुढे वाढवून दोन महिने पूर्ण घट्ट शी झाल्यावर (मेट्रोनिडॅझोलची एकही गोळी नाही, हे लक्षात घ्या) एकेक पदार्थ परत देऊन पाहिला. मधे कॉर्टिसॉल पण झालं, ते ठीक आलं. आधी भात, दहा दिवस, काही नाही. मग बिनहाडाची नुसती उकडलेली कोंबडी, मीठ नाही तेल नाही. दुसऱ्याच दिवशी ५, तिसऱ्या दिवशी आव. बंद केली, चार दिवसांत परत २. तेव्हा कुठे त्यांनी कोंबडीवर लाल पेनने फुली मारली. आणि आम्ही पातळ शी होते म्हणून जे पथ्य समजून दही-भातात कोंबडीचं सूप घालत होतो तेच तिला लागत होतं. अंडं, दूध अजून देऊन पाहायचं आहे.

आता सकाळी पाकीटच, संध्याकाळी मंगळवारी बाजारातून आणलेला रोहू मासा, काटे काढून, भातासोबत, आणि कॅल्शियम वगैरेची पावडर मापून, कारण नुसता मासा-भात वर्षभर दिला तर हाडं कमजोर होतात असं त्यांनी बजावलं आहे. खर्च निम्म्यावर आला. परवा पोळ्याला वजन केलं तर २१ किलो २०० ग्रॅम. कपाळाचा खळगा भरला आहे. रात्री झोपते, सगळ्यात जास्त आनंद मला त्याचाच आहे.

हा आजार पूर्ण जाईल असं मॅडमनी कधी म्हटलं नाही, जपावं लागेल म्हणतात, आणि भूक गेली किंवा पाय सुजले, पोट फुगलं तर दिवस न लावता आणा.

न आवडलेलं पण सांगते. संध्याकाळी गर्दी असते, पाऊण तासाच्या भेटीमुळे मागचे ताटकळतात, आम्हीही एकदा दीड तास बसलो. बाहेर सावली नाही, मे महिन्यात ४५ डिग्रीत पोटाने खचलेल्या कुत्र्याला उभं ठेवणं बरोबर नाही, त्यांनी निदान एक कूलर आणि पाण्याचं भांडं ठेवावं. गाडी लावायला जागा नाही. टीएलआयचा रिपोर्ट बाहेरून येतो, आम्हाला आठवडा लागला. पहिल्या भेटीचे ६०० घेतात, नंतर ३००, वही दाखवायला गेलो तर काही घेतलं नाही.

जायच्या आधी फोन करा, सकाळची वेळ मागा. ताजी शी झाकणाच्या डबीत न्या, जुन्या चिठ्ठ्या आणि रिकामी पाकिटं सगळी एका पिशवीत घाला, रक्त काढायचं असेल तर उपाशी न्यायचं का ते विचारून घ्या. आणि घरात जे माणूस तिला खायला घालतं त्यालाच सोबत न्या.